झाडावर टांगलेली वाद्यं

कुडाळ सोडून सावंतवाडीच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात पिंगुळी येतं. राऊळ महाराजांच्या मठामुळे हे गाव घराघरांत ठाऊक आहे. पण चित्रांची आवड असलेला माणूस इथं थांबतो तो ठाकर मंडळींच्या चित्रकथीसाठी. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका आख्यानाचा असा जो गठ्ठा, त्याला म्हणायचं पोथी. वीणा, टाळ आणि हुडुक घेऊन माणसं देवळात बसत. एक चित्र उभं करायचं, त्याची कथा गाऊन सांगायची, मग ते ठेवून पुढचं उचलायचं. याच गावच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि ज्यांनी कधी पिंगुळीचा फाटा पाहिला नव्हता त्यांनाही चित्रकथी हा शब्द कळला.

ही पोथी आज आठवायचं कारण असं, की दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका म्हाताऱ्या, कर्जबाजारी होण्याच्या बेतात असलेल्या कारागिरानं अशीच एकवीस चित्रांची पोथी तांब्याच्या पत्र्यांवर कोरली. कथा बायबलमधली, ईयोबाची. कारागिराचं नाव विल्यम ब्लेक. इंग्रजी शिकलेल्यांना तो माहीत असतो वाघावरच्या छोट्याशा कवितेमुळे. पण त्याचं पोट कवितेवर कधीच चाललं नाही. ते चाललं, जसं चाललं तसं, तांबं कोरण्यावर.

ईयोबाची कथा ऐकली की आपल्याला हरिश्चंद्र आठवल्याशिवाय राहत नाही. ऊस नावाच्या देशातला हा सज्जन, देवभीरू, सधन माणूस. सात मुलगे, तीन मुली, हजारो मेंढरं. वर स्वर्गात सैतान देवापाशी शंका काढतो, की याची भक्ती सुखातली आहे. सुख काढून घ्या म्हणजे ती किती टिकते ते दिसेल. हरिश्चंद्राच्या वेळी पैज लागते दोन ऋषींत, इथं देव आणि सैतान यांच्यात; खाली भोगायचं मात्र माणसानंच. गुरंढोरं जातात, घर कोसळून मुलं मरतात, अंगभर गळवं येतात, ईयोब राखेत बसतो. तीन मित्र समाचाराला येतात आणि तुझंच काहीतरी पाप असणार म्हणून त्याचा जीव खातात. फरक आहे तो बायकोचा. तारामती विकली गेली तरी नवऱ्याची साथ सोडत नाही. ईयोबाची बायको मात्र देवाला शाप दे आणि मर, असं म्हणून मोकळी होते आणि कथेतून जवळजवळ नाहीशी होते.

ब्लेकच्या पोथीत ती नाहीशी होत नाही. ती का होत नाही, हे समजायला त्याचा संसार पाहावा लागतो.

मोजेवाल्याचा मुलगा

ब्लेक जन्मला २८ नोव्हेंबर १७५७ ला, लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर. बापाचं पायमोजे विकायचं दुकान. मुलगा लहानपणापासून वेगळा. आठ-दहा वर्षांचा असताना पेकहॅमच्या माळावर एका झाडाच्या फांद्याफांद्यांवर देवदूत बसलेले त्यानं पाहिले आणि घरी येऊन सांगितलं. खोटं बोलतो म्हणून बाप मारायलाच उठला होता. आई मध्ये पडली म्हणून वाचला. असं दिसणं त्याला आयुष्यभर होत राहिलं. आपल्याकडे अशा मुलाला एखाद्या मठात नेऊन बसवलं असतं. तिथं बापानं शहाणपण केलं. नेहमीच्या शाळेच्या वाटेला लावलं नाही, दहाव्या वर्षी चित्रशाळेत घातलं. पोरगं हातात आलेल्या पैशांतून जुनी छापचित्रं विकत घेई. ड्यूरर, राफाएल, मायकेलअँजेलो. त्या वेळी लिलावात ती स्वस्तात मिळत.

चित्रकार करायचा तर खर्च फार. म्हणून १७७२ च्या ऑगस्टमध्ये, चौदाव्या वर्षी, जेम्स बझायर नावाच्या कोरीवकाम करणाऱ्याकडे त्याला सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवलं. त्यासाठी बापानं पन्नास गिनी मोजल्या. धंदा कसला, तर ज्या काळी छायाचित्र नव्हतं त्या काळी पुस्तकातलं प्रत्येक चित्र कुणीतरी धातूवर कोरायचं, तो.

हे काम समजायला आपल्याला लांब जायला नको. नवं भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायची आपली रीत आहे. कळशीच्या गळ्यावर आजीचं नाव, खाली साल. तो नाव घालणारा करतो तेच हे काम, फक्त शंभरपट बारीक. तांब्याचा घासून आरसा केलेला पत्रा चामड्याच्या गादीवर ठेवायचा, पोलादी कोरणीची मूठ तळहातात धरायची आणि ती पुढे रेटत पत्राच फिरवायचा. जिथं रेघ कोरली तिथं खाच. मग सगळ्या पत्र्याला शाई चोळायची, वरची पुसून काढायची. खाचेतली तेवढी राहते. ओला कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून काढला की खाचेतली शाई कागदावर येते. सगळं उलटं कोरायचं, कारण छाप उलटी पडते. चूक झाली तर पाटीसारखं पुसता येत नाही. पत्रा मागून ठोकून, पुढून घासून ती जागा पुन्हा सपाट करायची. सावली हवी तर रेघांवर रेघा, त्यांना छेद देणाऱ्या आणखी रेघा. एका गालाच्या सावलीत अर्धा दिवस जायचा.

बझायरनं या पोराला वेस्टमिन्स्टर ॲबीत पाठवलं, राजाराण्यांच्या दगडी समाध्यांची चित्रं काढायला. तिथल्या उंच कमानी आणि निजलेल्या दगडी माणसांच्या वस्त्रांच्या सरळ चुण्या त्याच्या हातात कायमच्या बसल्या. पुढे ईयोबाच्या पहिल्याच चित्रात मागे तसलंच एक उंच कमानींचं देऊळ दिसतं.

कॅथरीन

१८ ऑगस्ट १७८२ ला बॅटर्सीच्या चर्चमध्ये ब्लेकचं लग्न झालं. मुलगी कॅथरीन बाउचर, भाजीपाला पिकवणाऱ्याची लेक. लग्नाच्या नोंदवहीत तिनं सही केली ती फुलीनं. ब्लेकनं तिला लिहावाचायला शिकवलं, मग छाप काढायला, मग रंग भरायला. मूलबाळ झालं नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्याची स्वयंपाकीण होती, छापखान्यातली गडी होती आणि रात्री-अपरात्री त्याला काही दिसू लागलं की उठून त्याच्याजवळ नुसती बसून राहणारी सोबतही होती. तो लिहीत असे आणि ती काही न बोलता बसलेली असे. माझ्या मते ब्लेकच्या चरित्रातलं सर्वांत मोठं आश्चर्य झाडावरचे देवदूत नाहीत, हे बसणं आहे.

१७८७ मध्ये त्याचा लाडका धाकटा भाऊ रॉबर्ट आजारात गेला. शेवटचे पंधरा दिवस ब्लेक त्याच्या उशाशी जागा होता. भावाचा प्राण आनंदानं टाळ्या वाजवत छतातून वर जाताना आपण पाहिला, असं तो सांगे. त्यानंतर तीन दिवस-रात्र तो झोपून होता. पुढे या गेलेल्या भावानंच आपल्याला छपाईची एक नवी तऱ्हा शिकवली, असंही त्याचं सांगणं. अक्षरं आणि चित्र दोन्ही एकाच पत्र्यावर, तेजाब न लागणाऱ्या द्रवानं काढायची. बाकीचं तांबं तेजाबानं खाऊन टाकलं की चित्र-अक्षरं उठून राहतात. या पद्धतीनं १७८९ आणि १७९४ मध्ये त्यानं आपली गीतांची छोटी पुस्तकं काढली. कवी तोच, चित्रकार तोच, कोरणारा तोच. आणि छापायला, रंगवायला हाताशी कॅथरीन. पुस्तकं थोडी निघाली, खपली त्याहून थोडी.

पैसे संपले की ब्लेकला त्याचा पत्ता नसे. पैशाचा विषय काढला की तो चिडायचा. म्हणून कॅथरीननं एक युक्ती काढली होती, असं त्याच्या पहिल्या चरित्रकारानं लिहून ठेवलं आहे. घरात असेल नसेल ते ती मुकाट्यानं वाढत जाई आणि ज्या दिवशी काहीच नसे त्या दिवशी त्याच्यापुढे रिकामी थाळी ठेवी. मग तो उठे आणि दुसऱ्याच्या चित्रांचं कोरीवकाम हाती घेई. आपल्या आयाआज्यांपैकी कितीजणींना ही थाळी ओळखीची वाटेल!

आधार एकच होता. टॉमस बट्स हा सरकारी कचेरीतला कारकून. १७९९ पासून तो बायबलमधली चित्रं मागत गेला, एका चित्राला एक गिनी. जलरंगातला ईयोब ब्लेकनं पहिल्यांदा काढला तो याच बट्ससाठी, १८०५ च्या आसपास. त्या वेळी राजे-सरदार चित्रांवर हजारो उधळत होते. ब्लेकला सांभाळलं एका कारकुनानं.

बाकी दुर्दैव रांगेनं येत गेलं. १८०० मध्ये तो समुद्रकाठच्या फेल्पहॅम गावी राहायला गेला, एका धनिक कवीच्या आश्रयाला. तीन वर्षांनी बागेत घुसलेल्या एका शिपायाला त्यानं कोपरं धरून बाहेर काढलं, तर त्या शिपायानं राजद्रोहाची फिर्याद ठोकली. नेपोलियनशी लढाईचे दिवस. प्रकरण गळ्याशी येणारं होतं. फिर्यादीत कॅथरीनचंही नाव होतं. जानेवारी १८०४ मध्ये चिचेस्टरला खटला चालून तो निर्दोष सुटला. पुढच्याच वर्षी क्रोमेक नावाच्या प्रकाशकानं मृत्यूवरच्या एका काव्यासाठी त्याच्याकडून चित्रं काढून घेतली, कोरायचंही काम देतो म्हणाला आणि ते दिलं दुसऱ्यालाच. चित्रांचे वीस गिनी मिळाले. खरी कमाई कोरण्यात होती, ती गेली.

१८०९ मध्ये त्यानं भावाच्या मोज्यांच्या दुकानावर, म्हणजे ज्या घरात तो जन्मला त्याच घरात, स्वतःच्या सोळा चित्रांचं प्रदर्शन मांडलं. यातलं एक चित्र आपल्या जिव्हाळ्याचं. चार्ल्स विल्किन्स ब्राह्मण पंडितांच्या संगतीनं भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद करतो आहे, असा त्याचा विषय. अनुवाद १७८५ साली लंडनमध्ये छापून आला होता. पंडितांचा पेहराव चुकला आहे हे आपल्याला कुणीतरी सांगितलं, असं ब्लेकनं सूचीपुस्तकात कबूल केलं, पण चित्र बदललं नाही! ते चित्र पुढे हरवलं. गंमत अशी, की त्याआधी चारच वर्षं, १८०५ मध्ये, आपल्या मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली होती. तिथला कोरणारा तांबट आणि लंडनचा हा कारागीर एकमेकांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. हत्यार मात्र एकच.

प्रदर्शनाला माणसं फिरकली नाहीत. वर्तमानपत्रात परीक्षण आलं एकच आणि त्यात ब्लेकला सरळ वेडा ठरवलं होतं. त्यानंतरची आठ-नऊ वर्षं तो जवळजवळ दिसेनासा झाला. १८१५ च्या सुमारास तो काय करत होता, तर वेजवुड या चिनी मातीच्या भांड्यांच्या कंपनीच्या यादीसाठी सुपाची भांडी आणि वाडगे कोरत होता. देवदूत पाहणारा माणूस, वाडग्यांची झाकणं कोरतो आहे. त्यानं ती चोख कोरली.

एकवीस पत्रे

१८१८ मध्ये जॉन लिनेल हा पंचविशीतला चित्रकार त्याच्याकडे आला आणि मुलगा बापाचं करतो तसं त्याचं करत राहिला. १८२१ मध्ये ब्लेक नवरा-बायको फाउंटन कोर्टमध्ये दोन खोल्यांत राहायला आले. मागच्या खोलीत चूल, बिछाना आणि खिडकीशी कामाचं टेबल. घरांच्या फटीतून थेम्स नदीचा एक तुकडा दिसे. त्याच वर्षी पोरवयापासून जमवलेली छापचित्रं त्याला विकावी लागली. ड्यूररचं एक चित्र तेवढं टेबलाशी राहिलं.

लिनेलनं ओळखलं, की या माणसाला मदत दिलेली सोसणार नाही, काम द्यायला हवं. बट्सकडची ईयोबाची चित्रं मागून आणून दोघांनी त्यांच्या नकला केल्या. २५ मार्च १८२३ ला रीतसर करारपत्र झालं: पत्र्यामागे पाच पौंड, शिवाय नफा झाला तर आणखी शंभर. ब्लेक तेव्हा पासष्ट वर्षांचा होता. त्या काळी लोक आधी तेजाबानं रेघ खाववून मग कोरणीनं साफ करत, वेळ वाचे. ब्लेकनं तो मार्ग सोडला आणि जुन्या उस्तादांसारखं निव्वळ कोरणीनं काम केलं. प्रत्येक पत्रा साधारण वहीच्या पानाएवढा. मध्ये चित्र आणि भोवती बारीक रेघांची चौकट. तिच्यात बायबलमधली वचनं, ज्वाळा, वेली, देवदूत.

आता पोथी उघडू. पहिलं चित्र संध्याकाळचं. मोठ्या झाडाखाली ईयोब आणि त्याची बायको मांडीवर पोथ्या उघडून बसली आहेत, भोवती मुलं गुडघे टेकून प्रार्थना करताहेत, मेंढरं निजली आहेत, सूर्य बुडतो आहे. सगळं कसं यथासांग. पण वर बघावं, तर झाडाच्या फांद्यांना वाद्यं टांगून ठेवली आहेत. कुणी वाजवत नाही. ईयोबाचं काय चुकलं, याचं बायबलमध्ये उत्तर नाही. ब्लेकनं ते झाडावर टांगलं आहे: भक्ती पुस्तकात आहे, गळ्यात नाही.

मग घर कोसळतं. निरोपे धावत येतात. सहाव्या चित्रात सैतान आडव्या पडलेल्या ईयोबाच्या अंगावर पाय देऊन उभा राहतो आणि कुपीतून रोग ओततो. पायाशी बायको तोंड झाकून रडते आहे. दहाव्यात तिघे मित्र हात लांब करून एका रांगेत बोटं दाखवताहेत. चार माणसांत अशी बोटं ज्याच्यावर रोखली गेली आहेत, त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. अकराव्यात ईयोब स्वप्नात देवाला पाहतो, तर देवाच्या अंगाला साप वेढलेला आणि पाय खूर असलेला! भीतीनं ज्याला देव म्हणून पुजलं तो कोण होता, हा प्रश्न ब्लेक इतक्या उघडपणे विचारतो की आजही पान उलटताना दचकायला होतं.

ईयोब देवाला गाऱ्हाणं घालतो. आपल्याकडे गावकरी देवापुढे उभा राहून घालतो तसंच, पण त्याच्यामागे व्हय महाराजा म्हणणारं कुणी नाही. तेराव्या चित्रात वावटळीतून देव उत्तर द्यायला येतो आणि त्या देवाचा चेहरा हुबेहूब ईयोबासारखा आहे. पुढचं चित्र सगळ्यांत प्रसिद्ध: पहाटेचे तारे देवदूत होऊन हात उंचावून गाताहेत, हातांची नक्षी चौकटीबाहेरही चालू राहील असं वाटतं. खाली ईयोब, बायको आणि ते तिघे मित्र मान वर करून ऐकताहेत.

ती बायको जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे. राखेत बसलेल्या नवऱ्याच्या शेजारी, मित्रांच्या बोटांसमोर, वावटळीत केस विस्कटलेली. बायबलनं जिला एक कडू वाक्य देऊन बाजूला सारलं, तिला ब्लेकनं ते वाक्यही दिलेलं नाही. नवऱ्याचे भोग तीही भोगते. पंडित याची मोठी तात्त्विक कारणं देतात. असतीलही. मला वाटतं, हा माणूस मागच्या खोलीत खिडकीशी बसून कोरत होता आणि चार हातांवर ती चुलीपाशी होती. तिला वगळून दुःखाचं चित्र कसं काढायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

अठराव्या चित्रात ईयोब, ज्यांनी बोटं दाखवली त्याच मित्रांसाठी प्रार्थना करतो. इथं खालच्या चौकटीत बघावं: रंगाची पाटी, कुंचले आणि एक कोरणी. सगळ्या पोथीत कारागिरानं स्वतःची खूण ठेवली ती या एका ठिकाणी, क्षमेच्या चित्राखाली. क्रोमेक, तो शिपाई, तो परीक्षणवाला, या सगळ्यांचे हिशेब त्यानं इथं मिटवले असं मी धरून चालतो.

शेवटचं, एकविसावं. तेच झाड, तीच मेंढरं, पण सूर्य उगवतो आहे. सगळं कुटुंब उभं आहे आणि झाडावरची वाद्यं खाली उतरली आहेत. सगळे वाजवताहेत, गाताहेत.

त्यानंतर

पोथी मार्च १८२६ मध्ये निघाली. किंमत साध्या प्रतीला तीन गिनी. खप फारसा नव्हताच. नफा झाला नाही, तरी लिनेलनं ठरलेल्या शंभरावर आणखी पन्नास पौंड पदरचे दिले. तेच पत्रे १९१९ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि बट्ससाठी काढलेली मूळ जलरंगचित्रं न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात. १९३० मध्ये व्हॉन विल्यम्स या संगीतकारानं या चित्रांवरून वाद्यवृंदासाठी एक मोठी रचना बांधली आणि पुढच्या वर्षी तिच्यावर रंगमंचावर नृत्य झालं.

हे ब्लेकनं काही पाहिलं नाही. ईयोबानंतर त्यानं दान्तेच्या काव्यावर शंभरावर चित्रं काढायला घेतली. त्यासाठी म्हातारपणी इटालियन शिकला. १२ ऑगस्ट १८२७ ला, शेवटच्या दिवशीही, तो अंथरुणात बसून काम करत होता. मग कागद बाजूला ठेवून त्यानं कॅथरीनला समोर स्थिर बसायला सांगितलं आणि तिचं चित्र काढलं. ते झाल्यावर तो गायला लागला, स्वतःचीच पदं, स्वतःच्याच चालीत. संध्याकाळी सहाच्या सुमारास गेला. अंत्यविधीला पैसे लिनेलनं उसने दिले. बनहिल फील्ड्समधल्या एका सामाईक कबरीत, इतर अनोळखी मृतांच्या सोबत, त्याला ठेवलं. नेमक्या जागेवर दगड बसला तो २०१८ मध्ये.

कॅथरीन त्याच्यामागे चार वर्षं जगली. आधी लिनेलकडे घर सांभाळून, मग दुसऱ्या एका शिष्याकडे. उरलेली चित्रं विकून ती गुजराण करी. पण गिऱ्हाईक आलं की लगेच सौदा करत नसे. नवरा रोज दोन-तीन तास आपल्यापाशी येऊन बसतो, त्याला विचारते आणि मग सांगते, असं म्हणून ती गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी यायला सांगे.